रेल्वेच्या जुन्या बत्त्या : ओळख, जतन आणि संग्रह

कल्याण सोडून कसाऱ्याकडे निघालेली लोकल वासिंद ओलांडते तेव्हा शहराचा उजेड मागे पडू लागतो. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानके मागे टाकत गाडी सह्याद्रीच्या पायथ्याशी येते आणि कसाऱ्याला थांबते. या मार्गावर रात्री दिसणारे तांबडे, पिवळे, हिरवे दिवे आज विजेवर चालतात. एके काळी मात्र यातील प्रत्येक दिव्यामागे एक वात, तेलाची एक छोटी टाकी आणि ती वेळच्या वेळी भरणारा एक माणूस असे. तो दिवा विझला तर गाडी थांबे आणि चुकीचा रंग दाखवला गेला तर माणसे मरत.

या दिव्यांचा काळ संपला. त्यांपैकी बहुतेक भंगारात गेले आणि वितळले. थोडेसे संग्रहालयांत पोचले, काही सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांच्या माळ्यावर पडून राहिले आणि काही जुन्या बाजारांत विक्रीला आले. अलीकडे अशा बत्त्या हौसेने जमविणाऱ्यांची संख्या वाढली आहे. परंतु चकाकी आणण्याच्या नादात बत्तीचा इतिहास पुसला जातो आणि खरेदीच्या घाईत कायद्याकडे दुर्लक्ष होते. म्हणूनच या बत्त्या कोणत्या, त्या कशा ओळखाव्यात, त्यांची डागडुजी कशी करावी आणि त्या कोणत्या कागदपत्रांनिशी घ्याव्यात, याची माहिती येथे दिली आहे.

शहापूरची रेल्वे आणि घाटातला अंधार

भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच जी. आय. पी., या कंपनीचा हा मार्ग १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदपर्यंत पोचला. पुढे आसनगावला यायला १८६० साल उजाडले आणि १ जानेवारी १८६१ रोजी गाडी कसाऱ्याला आली. तेथून इगतपुरीपर्यंतचा थळ घाटाचा चढ मात्र १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. आजच्या शहापूर तालुक्याचे रेल्वेशी नाते असे दीडशेहून अधिक वर्षांचे आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्याला रेल्वेचा स्पर्श झाला नाही. तेथील दळणवळण कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर अवलंबून राहिले. संग्राहकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. त्याचा उलगडा पुढे होईल.

थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. जेमतेम पंधरा किलोमीटरच्या अंतरात गाडी ९७२ फूट वर चढते. एवढ्या तीव्र चढावर गाडी ओढण्यास पुढचे इंजिन अपुरे पडते, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने जोडतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. अशा चढावर डब्यांची जोडणी तुटली तर मागे राहिलेले डबे उताराला लागण्याचा धोका असे. त्यामुळे गाडी पूर्ण आली की नाही, याची खात्री प्रत्येक स्थानकावर करून घ्यावी लागे. दिवसा शेवटच्या डब्यावरची खूण आणि रात्री त्यावरचा तांबडा दिवा पाहूनच ती होत असे. तो दिवा दिसला नाही तर गाडीचा काही भाग मागे राहिला असे धरून पुढची कारवाई केली जाई. रॉकेलवर जळणाऱ्या एका वातीवर किती भार होता, हे यावरून ध्यानात येते.

रॉकेल हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. १८५३ साली पहिली गाडी सुटली तेव्हा रॉकेल भारतीय बाजारात आलेलेच नव्हते. अमेरिकेतील पेन्सिल्व्हानियात खनिज तेलाची विहीर यशस्वीपणे खोदली गेली ती १८५९ साली. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ दिव्यांत वनस्पती तेले जाळली जात. जाड तेल पिणारी रुंद वात आणि पातळ रॉकेल ओढणारा बर्नर यांची घडण वेगळी असते. त्यामुळे एखादी बत्ती पहिल्या गाडीच्या काळातली म्हणून विकली जात असेल आणि तिचा बर्नर रॉकेलचा असेल, तर एक तर बर्नर बदललेला आहे किंवा विक्रेत्याचे म्हणणे खोटे आहे.

बत्त्यांचे प्रमुख प्रकार

रेल्वेची बत्ती म्हटले की डोळ्यांसमोर गार्डच्या हातातली बत्ती येते. गार्ड या पदाचे नाव २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ असे झाले. प्रत्यक्षात या दिव्यांचे अनेक प्रकार होते.

हातबत्ती : गार्ड, स्टेशन मास्तर, सांधेवाला, फाटकवाला यांच्या हाती असणारी तिरंगी बत्ती. पुढे फुगीर भिंग, मागे धरायला मुठी आणि आत फिरणारे एक नळकांडे. त्या नळकांड्यात तांबडी व हिरवी काच बसविलेली असते व एक बाजू मोकळी असते. वरची टोपी किंवा मूठ फिरवली की हवी ती काच ज्योतीपुढे येते.

शेपटीचा दिवा : गाडीच्या शेवटच्या वाहनामागे लावायचा तांबडा दिवा. तो आकड्यावर अडकवता यावा म्हणून त्याच्या पाठीला खोबण असते.

बाजूचा दिवा : ब्रेकव्हॅनच्या दोन्ही अंगांना लावायचा दिवा. त्याला दोन तोंडे असत. मागच्या बाजूने तांबडा आणि इंजिनाच्या बाजूने पांढरा उजेड दिसे. चालक मागे वळून पाही आणि ते पांढरे दिवे दिसले की गाडी अखंड असल्याचे त्याला कळे.

सिग्नलचा दिवा : उंच खांबावर, हाताच्या आकाराच्या सिग्नलामागे बसविलेला दिवा. याला स्वतःचा रंग नसतो. सिग्नलाचा हात हलला की त्याच्याबरोबर रंगीत काचांची चौकट हलते आणि दिव्यापुढे येते. या दिव्याच्या पाठीला एक लहानसे भोक असते. खांबाच्या मागच्या बाजूला उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला दिवा जळत आहे की विझला, हे त्यातून कळत असे.

सांध्याचा आणि फाटकाचा दिवा : रूळ कोणत्या बाजूला जुळलेले आहेत हे दाखविणारा, रुळाशेजारी जमिनीलगत असणारा दिवा, तसेच बंद फाटक अंधारात दिसावे म्हणून त्यावर टांगलेला दिवा.

सुरुवातीला सिग्नलचे दिवे रोज भरावे लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी आठवडाभर सतत जळणारे दिवे वापरात आले. लहान ज्योत, बारीक वात आणि मोठी टाकी ही त्यांची वैशिष्ट्ये होती. तरीही काजळी पुसणे, वात कापणे आणि तेल भरणे यासाठी पाऊस असो वा वादळ, शिडीने खांबावर चढणे चुकत नसे. हे काम करणाऱ्या बत्तीवाल्याचे नाव कोणत्याही शिलालेखावर नाही. त्याच्या कामाचा पुरावा उरला आहे तो या दिव्यांवरच.

निळी काच आणि हिरवा उजेड

नव्या संग्राहकाला हमखास पडणारा एक प्रश्न आहे. बत्तीतली ‘हिरवी’ काच हातात घेतली तर ती निळसर का दिसते? पुष्कळदा ती बदललेली काच असावी असे समजून लोक ती काढून टाकतात आणि बाजारातली गर्द हिरवी काच बसवतात. ही मोठी चूक आहे.

रॉकेलच्या ज्योतीचा उजेड पांढरा नसतो, तो पिवळसर नारिंगी असतो. त्यात निळ्या किरणांचे प्रमाण अत्यल्प असते. असा उजेड निळसर हिरव्या काचेतून गेला की दुरून स्वच्छ हिरवा दिसतो. तोच उजेड गवतासारख्या हिरव्या काचेतून गेला तर पिवळट दिसतो आणि साध्या दिव्याशी त्याचा घोटाळा होऊ शकतो. म्हणून काच मुद्दाम निळसर केली जाई. अशी काच आपल्या बत्तीत असेल तर ती अस्सल असण्याची शक्यता अधिक. विजेचा पांढरा दिवा आत बसविल्यावर तीच काच निळी दिसते, यात काचेचा दोष नाही.

रंगांचा अर्थही नेहमी आजच्यासारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश रेल्वेवर तांबडा म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावधान आणि पांढरा म्हणजे मार्ग मोकळा, असा संकेत होता. त्यातला धोका लवकरच ध्यानात आला. तांबडी काच फुटली की तोच दिवा पांढरा दिसे, म्हणजे ‘थांबा’चा अर्थ ‘जा’ असा होई. शेवटी हिरव्याला ‘मार्ग मोकळा’ हा अर्थ दिला गेला. भारतीय रेल्वेच्या नियमांत पांढऱ्या उजेडाचा एक उपयोग मात्र टिकून राहिला. तांबडा दिवा हाती नसेल तर पांढरा दिवा शरीरासमोर आडवा, जोराने हलवायचा आणि चालकाने तो थांबण्याचा इशारा समजायचा.

रंग नीट ओळखणारे डोळे हाही सुरक्षिततेचाच भाग होता. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर फ्रिथिऑफ होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रंगीत लोकरीच्या गुंड्या निवडायला लावून रेल्वे कर्मचाऱ्यांचे रंगज्ञान तपासण्याची पद्धत रूढ केली. पुढे अनेक देशांतील रेल्वेंनी तिचा अंगीकार केला.

काचेची कहाणीही रंजक आहे. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकते आणि दिवा विझतो. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या तक्रारीवर उपाय म्हणून उष्णतेने फारशी न प्रसरणारी काच तयार केली. त्याच संशोधनातून १९१५ साली ‘पायरेक्स’ची स्वयंपाकाची भांडी बाजारात आली. आपल्याकडे कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंच्या काच कारखान्याने बनविलेला ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोचला होता. तो रेल्वेचा दिवा नव्हे. मात्र जुन्या बाजारात घरगुती कंदील रेल्वेचा म्हणून खपविला जातो, तेव्हा हा फरक माहीत असलेला बरा. चहूबाजूंनी उघडी काचेची चिमणी असलेला कंदील आणि पत्र्याच्या बंद पेटीला भिंग लावलेली सिग्नलची बत्ती या मुळातच वेगळ्या वस्तू आहेत.

वय आणि अस्सलपणा कसा ओळखावा

बत्तीवर उठवलेली किंवा ठोकलेली रोमन अक्षरे हा पहिला पुरावा. ‘जी. आय. पी. आर.’ अशी अक्षरे असतील तर बत्ती १९५१ पूर्वीची मानता येते. या कंपनीचे व्यवस्थापन १ जुलै १९२५ रोजी सरकारकडे आले तरी नाव तेच राहिले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. आणि इतर काही रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे स्थापन झाली. म्हणून ‘सी. आर.’ ही अक्षरे त्या दिवसानंतरची. पण येथेही एक मेख आहे. स्कॉटलंडमधील कॅलेडोनियन रेल्वेचीही आद्याक्षरे हीच होती आणि ती रेल्वे १९२३ पर्यंत होती. परदेशातून फिरून आलेली बत्ती असेल तर घाईने निष्कर्ष काढू नये.

दुसरा पुरावा बर्नरचा. त्याच्या चावीवर निर्मात्याचे नाव असते, पण ते बर्नरचे नाव आहे, बत्तीचे नव्हे. बर्नर झिजत आणि बदलले जात. न्यूयॉर्कची डिएट्झ किंवा शिकागोची ॲडम्स अँड वेस्टलेक या प्रसिद्ध कंपन्यांचे नाव चावीवर दिसले म्हणून सारी बत्ती अमेरिकन ठरत नाही.

तिसरा पुरावा झिजेचा. खरी बत्ती एकसारखी झिजत नाही. मुठीची आतली बाजू गुळगुळीत होते, टोपीच्या आत काजळीचा थर असतो, खालच्या कडेला वारंवार टेकवल्याच्या खुणा असतात, सांध्यांवर एकाहून अधिक वेळा डाग दिलेला दिसतो. शोभेसाठी आज बनविल्या जाणाऱ्या नकली बत्त्या बहुधा नखशिखांत पितळी असतात. त्यांचा पत्रा पातळ असतो, अक्षरे उथळ असतात आणि आत काजळीचा मागमूसही नसतो. रोजच्या वापराच्या अस्सल बत्त्या बहुतेक लोखंडी किंवा कल्हई केलेल्या पत्र्याच्या, काळ्या रंगाच्या आणि दिसायला साध्या असत. एखादी बत्ती फारच देखणी असेल तर आधी संशय घ्यावा.

जतन : आधी पाहा, मग हात लावा

डागडुजीचा पहिला नियम असा की जे पुन्हा पूर्ववत करता येणार नाही ते करू नये. काम सुरू करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, अक्षरे टिपून घ्यावीत आणि सुटे भाग कोणत्या क्रमाने निघतात ते लिहून ठेवावे.

धूळ आणि तेलकट मळ : मऊ ब्रश, सुती कापड आणि थोडे रॉकेल पुरेसे होते. रंगावरची अक्षरे किंवा स्थानकाचे नाव असेल तर त्या जागी आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी. पुष्कळदा काळ्या थराखाली पांढऱ्या रंगाने लिहिलेले स्थानकाचे नाव सापडते. बत्तीवरचा तोच सर्वांत मौल्यवान भाग असतो.

जुना रंग : जुन्या लोखंडावर गंजरोधक म्हणून शेंदूर मिसळलेला रंग लावीत. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो कोरडा घासला की त्याची धूळ श्वासातून शरीरात जाते. ती लहान मुलांना विशेष घातक ठरते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये आणि ज्योतीने जाळू तर नयेच. घासणे अटळ असेल तर पाणी लावून घासावे, हातमोजे व योग्य मुखपट्टी वापरावी आणि मुलांना दूर ठेवावे. सर्वांत उत्तम म्हणजे घट्ट बसलेला जुना रंग तसाच राहू द्यावा.

गंज : सैल गंज बारीक पितळी ब्रशने झाडावा. अडकलेले स्क्रू व बिजागऱ्या यांवर पातळ तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे. जोर लावला तर पत्रा फाटतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडून गंज काढण्याची पद्धत अनेकांना ठाऊक आहे. ती केवळ साध्या लोखंडाच्या सुट्या भागांसाठी योग्य आहे. कल्हई, जस्त आणि डागाचे सांधे यांना सोडा खातो. या कृतीत हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ती मोकळ्या हवेत करावी आणि दुसऱ्या टोकाला पोलादाची स्टेनलेस पट्टी कधीही वापरू नये. तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात.

पितळ : चिंच किंवा लिंबू लावून पितळ लखलखीत करण्याची आपली घरगुती रीत देवघरातल्या भांड्यांना ठीक आहे. बत्तीला ती वारंवार लावल्यास आम्लामुळे पितळातले जस्त निघून जाते आणि पृष्ठभाग तांबूस, ठिसूळ होतो. शिवाय दर घासणीत अक्षरांच्या कडा झिजतात. काळवंडलेले पितळ हा दोष नव्हे, तो त्याच्या वयाचा दाखला आहे.

सांधे : टाकी गळत असेल तर तिला डाग द्यावा लागतो. कथील आणि शिशाचा डाग सुमारे १८३ अंशांना वितळू लागतो आणि कल्हईचे कथील २३२ अंशांना. वेल्डिंगची ज्योत याच्या कितीतरी पट गरम असते. तिने जुना पत्रा वाकतो आणि शेजारचे सर्व सांधे सुटतात. म्हणून हे काम वेल्डिंगवाल्याकडे न देता कल्हईवाल्याकडे किंवा पत्र्याच्या जुन्या कारागिराकडे द्यावे. शहापूर-मुरबाडसारख्या बाजारपेठांच्या गावी असा कारागीर अजून भेटला तर ते भाग्यच समजावे. नवसागराचा अंश मागे राहिला तर धातू खाल्ला जातो, म्हणून डाग दिल्यावर जागा स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेलाची टाकी आतून साबणाच्या पाण्याने अनेकदा धुऊन, रॉकेलचा वासही उरला नसल्याची खात्री केल्याशिवाय तिला आच लावू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतली वाफ भडका उडवू शकते.

काच : राखेने काच घासण्याची जुनी सवय सोडावी, तिने बारीक चरे पडतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड एवढेच वापरावे. तडकलेली पण जागेवर असलेली मूळ काच नव्या काचेपेक्षा मोलाची असते. काच हरवलीच असेल आणि नवी बसवायची असेल तर तशी नोंद ठेवावी.

अखेरचा थर : साफ केलेल्या धातूवर मधमाश्यांच्या मेणाचा पातळ थर द्यावा. तो हवा तेव्हा काढता येतो. चकचकीत वार्निशखाली ओलावा अडकतो आणि गंज आतून वाढतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा पावसाळा लक्षात घेता जून ते सप्टेंबर बत्ती बंद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये. हवेशीर कपाट आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या हा साधा उपाय पुरतो.

बत्ती पेटवावी का?

संग्रहातील बत्ती पेटविण्याचा मोह स्वाभाविक आहे. टाकी गळत नाही, बर्नर घट्ट बसतो आणि काच निर्दोष आहे, याची खात्री असेल तरच तो पुरा करावा. इंधन म्हणून केवळ रॉकेल वापरावे. पेट्रोल किंवा थिनर घातल्यास स्फोट होऊ शकतो. वात सरळ कापून तिची दोन्ही टोके किंचित छाटावीत, म्हणजे ज्योतीला शिंगे फुटत नाहीत. पहिली काही मिनिटे ज्योत बारीक ठेवून काच हळूहळू तापू द्यावी. बंद खोलीत दिवा लावू नये आणि जळता दिवा सोडून जाऊ नये. केवळ उजेड पाहायचा असेल तर उबदार पिवळ्या छटेचा, सेलवर चालणारा छोटा एलईडी दिवा आत ठेवणे चांगले. मात्र त्याची तार ओढण्यासाठी पत्र्याला भोक पाडू नये.

कागद नसेल तर बत्ती नको

भारतात रेल्वेची जुनी वस्तू जमविताना एक कायदा प्रत्येकाने जाणून घेतला पाहिजे. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ नुसार चोरलेली किंवा बेकायदा मिळविलेली असल्याचा वाजवी संशय घेता येईल अशी रेल्वेची मालमत्ता बाळगणे हा गुन्हा आहे. ती आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आली हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर येते. पहिल्या गुन्ह्यासाठीही पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते. आता हे लिलाव रेल्वेच्या संकेतस्थळावर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतात. लिलावातून रीतसर विकली गेलेली वस्तू खरेदीदाराची होते. पण लिलावात टनावारी मिश्र लोखंड जाते, एकटी बत्ती नव्हे. ती संग्राहकाच्या हाती येते तोवर दोन-तीन व्यापारी बदललेले असतात. म्हणून विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे, त्यावर वस्तूचे वर्णन व तिच्यावरची अक्षरे लिहून घ्यावीत आणि शक्य तर मूळ लिलावाच्या कागदाची प्रत मागावी.

वर केलेला मुरबाडचा उल्लेख येथे उपयोगी पडतो. कसारा किंवा आसनगावच्या परिसरात एखाद्या घरी हातबत्ती सापडली तर तिचा रेल्वेशी संबंध समजण्यासारखा असतो. मुरबाडच्या भंगाराच्या दुकानात तीच बत्ती दिसली तर ती येथे कशी आली, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तो विचारल्यावर उत्तर मिळत नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी हात मागे घ्यावा. आजोबा रेल्वेत होते, म्हणून घरी असलेल्या बत्तीचीही गोष्ट तितकीच नाजूक आहे. निवृत्तीच्या वेळी भेट मिळाल्याचे पत्र किंवा छायाचित्र असेल तर ते बत्तीबरोबरच जपावे. नसेल तर विक्रीचा विचार करण्यापूर्वी कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा.

दुसरा कायदा निर्यातीसंबंधी आहे. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या, गतकाळाचे विज्ञान किंवा कारागिरी दाखविणाऱ्या वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या नातलगाला जी. आय. पी.ची बत्ती भेट म्हणून पाठविण्यापूर्वी हे लक्षात असावे.

संग्रह म्हणजे नोंद

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे आपल्यापुढचे मोठे उदाहरण आहे. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, पेट्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. साधी वस्तूही काळाचा पुरावा असते, हे त्यांनी दाखवून दिले. रेल्वेच्या बाबतीत हेच काम दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून करीत आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीतही मध्य रेल्वेने आपला वारसा मांडला आहे. संग्रह सुरू करण्यापूर्वी अशा ठिकाणी जाऊन अस्सल बत्त्या डोळ्यांखालून घालणे, हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा अभ्यास होय.

घरगुती संग्राहकाने व्याप्ती लहान ठेवावी. देशभरातल्या बत्त्या जमविण्यापेक्षा एका मार्गाच्या, उदाहरणार्थ कल्याण ते इगतपुरीच्या, बत्त्यांचा अभ्यास अधिक फलदायी ठरतो. प्रत्येक बत्तीसाठी एक पान राखून त्यावर पुढील गोष्टी लिहाव्यात : प्रकार, उंची व वजन, धातू, त्यावरची अक्षरे व आकडे, काचांचे रंग, बर्नरवरील नाव, कोणाकडून व केव्हा मिळाली, कोणते कागद सोबत आहेत, कोणती डागडुजी केली आणि कोणता भाग नवा बसविला. बत्ती पुढच्या पिढीकडे जाईल तेव्हा ही वहीही तिच्याबरोबर जावी.

त्या वहीतले एक पान माणसांसाठी राखावे. एलईडीच्या हातबत्त्या आल्या आणि रॉकेलच्या बत्त्या मागे पडल्या. वात कापणारे, भिंग पुसणारे, भर पावसात शिडी चढणारे हात आता म्हातारे झाले आहेत. वासिंदपासून कसाऱ्यापर्यंतच्या गावांत रेल्वेत आयुष्य घालविलेली माणसे अजून भेटतात. बत्ती किती वेळ जळे, तेल कोण आणून देई, वाऱ्यात ती विझली तर काय करीत, घाटात रात्री तिचा उजेड किती दूरवर दिसे, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही बाजारात विकत मिळत नाहीत. पत्र्याची बत्ती आणखी शंभर वर्षे टिकेल. तिच्याबद्दल सांगणारा माणूस तेवढा थांबणार नाही. म्हणून नवी बत्ती शोधायला निघण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी कसाऱ्याची लोकल पकडावी आणि वही घेऊन अशा एखाद्या घराच्या ओटीवर जाऊन बसावे.